कमळपानावरचं कोरं पाणी

बाबाचा डावा डोळा कधीचाच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा गडचिरोलीला नेऊन ऑपरेशन केलं. आम्ही ढिवर माणसं. दिसलं नाही तर जाळं टाकायचं कुठी, हा एकच घोर. पट्टी निघाली अन् बाबाला माझ्या शर्टाच्या गुंड्या दिसल्या! मी हरखून आरमोरीच्या बाजारातून उन्हात काळा होणारा चष्मा आणला. बाबा सारखा उन्हातून सावलीत यायचा अन् काच निरखायचा. "ह्याले ऊन बराबर समजते गा!"

डॉक्टरानं बजावलं होतं, डोळ्यात औषधाशिवाय पाण्याचा थेंबही नको. पण कमळपानावरच्या थेंबाला आमच्याकडं पाणी समजतंय कोण? तो पानाला चिकटत नाही, पान ओलं होत नाही, म्हणून ते कोरं पाणी, दुखऱ्या डोळ्याचं औषध. माय सकाळीच तलावात कमरेएवढी उतरायची, पान वाकवून थेंब शिंपलीत घ्यायची अन् बाबाच्या डोळ्यात सोडायची.

डोळा सुजला, पू धरला. परत गडचिरोली गाठली, पण उशीर झाला होता. म्हणे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आमच्या देवानं होता तोही नेला.

मग बाबा चष्मा लावून अंगणात बाजेवर बसायचा. "झाला का वो काळा?"

"झाला," माय म्हणायची.

एकदा आभाळ भरलेलं होतं, तरी ती झाला म्हणाली. बाबानं गालावर हात फिरवला. "ऊन लागून नाई राह्यलं. काऊन खोटं बोलतेस?" माय पदर तोंडात कोंबून रडली.

बाबा गेल्यावर एका उन्हाळ्यात मी डोंगा घेऊन तलावात होतो. रस्त्याची धूळ कमळांवर बसली होती. एका पानावर पाणी शिंपडलं. थेंब घरंगळला, मागं पान लख्ख हिरवं, अन् थेंब मात्र मातकट. पानाची सगळी घाण थेंबच घेऊन जातो. हेच आम्ही बाबाच्या डोळ्यात घातलं होतं.

घरी आलो तर मायचं नेहमीचंच सुरू होतं. "मधी मी तापानं पडली, पाण्यात उतरली नाई. रोज घातलं असतं तर वाचला असता ना गा तुह्या बाचा डोळा?"

हो म्हणावं तरी तिचा जीव जातो, खरं सांगावं तर उरलासुरलाही.

"ताप काय तू मागून घेतला होता वो माय?" मी म्हणालो.