दुर्गामायचं खातं

पल्लवी काम करताना बोलत नाही. हे मला पटतं. मी जन्मभर गवंडीकाम केलं. जो गवंडी गप्पा मारत भिंत उचलायचा, त्याची भिंत मी ओळंबा लावून दोनदा तपासायचो.

रिठदला आमच्या वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. जागा दुर्गाबाईंची. तिथं आधी त्यांचा गोठा होता. तो त्यांनी पोरांच्या अभ्यासासाठी सोडून दिला. फरशी आणि कॉम्प्युटर ठेवायचे ओटे मी बांधले. अभ्यासिकेच्या समितीतही आहे. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

पल्लवी मोतीरामची मुलगी. मोतीराम माझ्या हाताखाली माल कालवायचा. मुलीनं वाशिमला कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि पुण्याला गेली. तिथं तिचं काम एकच होतं. मोठ्या ऑफिसांत जाणारे कॉम्प्युटर एकसारखे तयार करून द्यायचे. ते तिनं काही वर्षं केलं. गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी ती घरी आली. इथं एक मशीन बिघडलं तरी अकोल्याहून माणूस बोलावतात आणि तो येईल तेव्हा येतो, हे तिनं पाहिलं. ती परत गेली नाही. हेच काम इथं करीन म्हणाली. लोकांनी मोतीरामला दोष दिला. पोरीला समजावत नाही म्हणाले. मोतीराम मला म्हणाला, "तिले समजावाचं म्हणजे आधी मले ते काम समजाव लागते."

अभ्यासिकेचं काम तिचं इथलं पहिलं मोठं काम. एका ऑफिसातून निघालेले वीस कॉम्प्युटर समितीनं वर्गणीतून घेतले. सगळे एकाच बनावटीचे. भरतीच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर असतात, पोरांना सराव हवा होता. रविवारी मेडशी आणि कारंज्याच्या अभ्यासिकांची माणसं पाहायला येणार होती. त्यांनाही असंच करून हवं होतं. त्यांना पटलं तर ती दोन्ही कामं पल्लवीची. नाही पटलं तर अकोल्याच्या माणसाची. मग पल्लवीला पुण्याची बॅग भरावी लागली असती. तिनं हे कोणापाशी बोलून दाखवलं नाही, पण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिची पद्धत मी विचारून घेतली. वीस मशीनवर वीसदा तेच काम ती करत नाही. एक मशीन पूर्ण तयार करते. विंडोज, मराठी टायपिंग, सराव परीक्षेचा प्रोग्रॅम, सगळं त्यात बसवते. मग सिसप्रेप नावाचा प्रोग्रॅम चालवते. तो त्या मशीनची स्वतःची ओळख पुसतो. बसवलेलं काम राहतं, ओळख जाते. नंतर त्याची नक्कल डिस्कवर घेऊन बाकीच्या मशीनवर उतरवायची. मी विचारलं, ओळख पुसली नाही तर? ती म्हणाली, "काका, वीस घरांले एकच नंबर देल्यावर पोस्टमन काय करीन?" मला पुरेसं होतं.

पहिलं मशीन तिनं गुरुवारी दुपारी तयार केलं आणि वायरी आणायला वाशिमला गेली. शनिवारी सकाळी येऊन सिसप्रेप चालवला. तो अडला. पडद्यावर चौकट आली, यंत्र तपासता आलं नाही, नोंद पाहा. तिनं पुन्हा चालवला नाही. मी अनेक माणसं पाहिली आहेत, जी अडलेल्या खिळ्यावर आणखी जोरात हातोडा मारतात. तिनं नोंदीची फाइल उघडली आणि खालून वर वाचत गेली. मग खुर्ची मागे सरकवली.

"मी गेल्यावर मशीनले कोणी हात लावला?"

उत्कर्ष तिथं होता. तो समितीचा सचिव, पतसंस्थेत नोकरीला. सज्जन माणूस, पण घाईचा.

"कोणीच नाई," तो म्हणाला.

"काका?"

मीही नाही म्हणालो.

"मंग हे ॲप कोठून आलं? एका खात्यात टाकलेलं दिसून राह्यलं, बाकीच्यांसाठी नाई. असं अर्धवट ॲप असलं का सिसप्रेप पुढं जात नाई. अन् माह्या खात्यात पाहतो तर ते नाईच."

"नाव काय त्याचं?"

"वंदना असं काहीतरी आहे."

"हाव, मंग ते वंदनेचं!" उत्कर्ष मोकळा झाला. "परवा पौर्णिमा होती ना. त्याले काय हात लावणं म्हणतात?"

मलाही तेव्हाच आठवलं. पौर्णिमेला संध्याकाळी विहारात सगळे बुद्धवंदनेला जमतात. त्या दिवशी पहिलं मशीन तयार झालेलं, तर वंदना त्याच्यावरच लावू असं ठरलं. फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. मी पहिल्या रांगेत होतो. तरी पल्लवीनं विचारलं तेव्हा माझ्या मनात ते आलंच नाही. वंदना म्हणजे वंदना. तिला मशीन हाताळणं कोण म्हणेल?

"पण माह्या खात्यात ते उघडलं कसं?"

"नाई उघडलं," उत्कर्ष म्हणाला. "हे ॲप या खात्यात चालत नाई म्हणे. मंग मी नवं खातं काढलं. दुर्गामायच्या नावानं. जागा तिची, तर पयलं नाव तिचंच पायजे. मोबाईलचं नेट देलं, ॲप टाकलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या बापा."

मशीन चालू केलं की ते सरळ पल्लवीच्या खात्यातच उघडत होतं. म्हणून हे दुसरं खातं तिच्या नजरेस पडलं नव्हतं.

"दादा, तुमी मले एक फोन करू शकत होते."

"पौर्णिमेसाठी तुले परवानगी मागू?"

ती हसली. मग म्हणाली, "गुरुवारी जायच्या आधी मीच एक नक्कल काढून ठेवाले पायजे होती. ते माह्यं चुकलं." मी ते खोडून काढलं नाही. चुकलंच होतं.

उत्कर्षनं तोड सुचवली. सिसप्रेप सोडून द्यायचा, मशीन आहे तसं वीसवर उतरवायचं. उद्या पाहुण्यांना पडदे चालू दिसले म्हणजे झालं.

"उद्या दिसन. पुढं?" पल्लवी म्हणाली. "अन् दुर्गामायच्या खात्याले तुमी कुलूप नाई लावलं. त्या खात्याले सगळे अधिकार आहेत. वीसही मशीनवर ते जाईन. कोणतंही पोट्टं त्यातून शिरून सगळा प्रोग्रॅम उडवीन."

"मंग ॲप काढ, खात्याले कुलूप लाव."

"पासवर्ड आज ना उद्या फुटते. खातंच काढा लागते."

उत्कर्षनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. भर सभेत नाव लावलेलं, ते दोन दिवसांत काढायचं. मग हळूच म्हणाला, "काढून टाक. तिले कोण सांगते? तिले कुठं कळते मशीनमधलं?"

"तिचं नाव आहे. तिले सांगूनच काढीन," पल्लवी म्हणाली आणि चपला घालून निघाली. मीही गेलो. ओटे माझे होते, काम अडलेलं मला बघवत नव्हतं.

दुर्गाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. पल्लवीनं आडवळण घेतलं नाही.

"माय, मशीनमधलं तुमचं नाव मले पुसा लागते."

सूप थांबलं. "काहून? कोणाले खुपलं?"

"कोणाले नाई. ते राह्यलं तर काम पुढं जात नाई."

"माह्या नवऱ्यानं सातबाऱ्यावर माह्यं नाव लावलं नाई. तुमी मशीनवर लावलं. आता तू पुसून राह्यली." त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तू गवंड्या, खांब होऊन कायले उभा हाय? तू काय म्हनतं?"

मी म्हणालो, "पोरगी खरं सांगते."

"ते मले दिसते. पण काहून, ते तिले सांगू दे."

पल्लवी खाली बसली. "माय, ते नाव म्हणजे दार आहे. त्या दारातून जो शिरन तो तुमच्या नावानं शिरन. पोट्टे परीक्षेच्या टायमाले गेम खेळतीन, नको ते पाहतीन, अन् मशीन सांगन का दुर्गामाय पाहत होती."

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या का, ते आधी कळलं नाही. "बाप्पा! या वयात मले बदनाम करता काय? मंग बसली काय इथं? जाय, पुस लवकर!" पल्लवी उठली तशी त्यांनी मागून आवाज दिला. "अन् वंदना?"

"काम झालं का पुन्हा लावू. सगळ्यायसाठी बसवून देईन."

परत येऊन तिनं क्रमानं काम केलं. आधी ॲप काढलं, मग खातं. खातं आधी काढलं तर ॲप मागं अडकून राहतं, असं ती म्हणाली. नोंद पुन्हा वाचली. दुसरं काही अडकलेलं नाही याची खात्री केली. मगच सिसप्रेप चालवला. उत्कर्ष उभा राहून पाहत होता. काही वेळानं मशीन आपोआप बंद झालं.

"बिघडलं काय?" त्यानं विचारलं.

"नाई. असंच व्हाले पायजे."

दुपारपासून तिनं नकला उतरवल्या. एकेका मशीनपाशी जाऊन ते पूर्ण उघडेपर्यंत उभी राहायची. प्रत्येकानं नव्यासारखं नाव विचारलं, प्रत्येकाला तिनं वेगळं नाव दिलं. एकोणीस नीट उघडले म्हणून विसावा कॉम्प्युटर पाहायचा सोडला नाही. मी मोजून पाहत होतो ते यासाठीच.

रविवारी पाहुणे आले. कारंज्याची माणसं हिंडली, चहा प्याली, कळवतो म्हणून गेली. मेडशीकडचे रामधन मात्र बसले. त्यांचा गाव बंजाऱ्यांचा तांडा, नायकाच्या शब्दावर चालणारा; माणूस शेतकरी, डोळा बारीक. त्यांनी स्वतःच्या पसंतीनं कोपऱ्यातलं मशीन निवडलं, वायर उपटली, पुन्हा लावली आणि उघडेपर्यंत हात बांधून उभे राहिले. मग शेजारचं. मग पलीकडचं. मराठीत आपलं नाव टाइप करून पाहिलं.

"आमच्याकडं कधी येता?" त्यांनी पल्लवीला विचारलं.

"तुमी म्हणान तवा."

"पण आमच्या तांड्यात पयले नारळ फुटते. मशीन चालू पायजे, अन् नायकाचा हात लागला पायजे. त्यात बदल नाई."

उत्कर्षनं माझ्याकडे पाहिलं.

"बदलू नका," पल्लवी म्हणाली. "नारळ फोडा, नायकाले बसवा, भजन लावा, काय टाकायचं ते टाका. मी दुसऱ्या दिवशी सकाळी येईन, ते मशीन कोरं करीन अन् तेथून कामाले लागीन. त्यानंतर काम होईलोक कोणी शिवाचं नाई. भजनासाठीबी नाई."

रामधननी विचार केला. "एक दिवस जास्त लागन."

"लागन."

"बरं. बुधवारी नारळ फोडतो. गुरुवारी पयल्या एसटीनं ये."