बाबलचे डोळे आणि दुसरी पेटी

बाबल गेल्याची बातमी सकाळी फोनवर आली आणि माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. धक्का बसल्यावर लोक म्हणतात तसं नव्हे; मला खरोखरच संशय आला. मेसेज त्याच्या दुकानाशेजारच्या शिंप्याचा होता, आणि त्या दोघांनी मिळून याआधी मला बऱ्याचदा बनवलं होतं. म्हणून मी उलट बाबलच्याच नंबरवर फोन लावला. त्याच्या बायकोने, शालन वहिनींनी उचलला. "सायबानू, खरां आसा," एवढंच म्हणाल्या... मी काही विचारायच्या आधीच. कणकवलीहून मिळेल ती एसटी धरून मालवणला पोचलो. त्याला ओटीवर ठेवलं होतं. इतक्या वर्षांत मी बाबलचे डोळे मिटलेले कधी पाहिले नव्हते. माणसं नमस्कार करून बाजूला होत होती आणि मी मात्र तिथेच खांबासारखा उभा, एखादी पापणी हलते का ते बघत. शेवटी मागून कोणीतरी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला घेतलं.

माझी बरीचशी नोकरी इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गेली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या आणि दारूच्या बाटल्या शोधायच्या. लोकांना वाटतं आमचं काम डिकीत डोकावण्याचं. खरं काम चेहरे वाचायचं. ज्याच्याकडे माल असतो तो मालाकडे बघत नाही, हा माझा पहिला नियम. घाबरलेला माणूस सारख्या पापण्या मिटतो आणि मुरलेला अजिबात मिटत नाही, हा दुसरा. या नियमांवर मी पुष्कळ माणसं पकडली आणि त्याचा मला गर्वही होता. बाबलने या सगळ्याची पार वाट लावली. त्याचे डोळे काय सांगतायत ते मला कधीच कळलं नाही, कारण ते कायम नाटकातच असायचे. तो माझा मित्र होता, की एका नाक्यावरच्या साहेबाला त्याने सोयीसाठी मित्र करून ठेवलं होतं... एवढी एकच गोष्ट मला त्याच्याकडून हवी होती. ती न सांगताच तो गेला.

मालवणच्या बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि जत्रांच्या हंगामात तो एका हौशी दशावतारी मंडळात विनोदी कामं करायचा. मंडळाचे खेळ गोव्यातल्या गावांतही होत आणि सकाळी परतताना त्यांचा टेम्पो आमच्या नाक्यावर थांबे. अर्धवट पुसलेल्या रंगाचे राजे आणि राक्षस मागे एकमेकांच्या अंगावर झोपलेले असत. त्यांच्या मधोमध मंडळाचा पेटारा, लाल कापडाने झाकलेला. पेटाऱ्यात देवाचे मुखवटे असतात, खेळाआधी त्याची पूजा होते, म्हणून त्याला बूट घालून कोणी हात लावत नाही. आमचे शिपाईसुद्धा लांबून नमस्कार करून टेम्पो सोडून देत. मीही तेच केलं असतं. पण त्या दिवशी मला दिसलं की पेटाऱ्याच्या मागे एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यावरही तसंच लाल कापड आहे. मंडळाचा पेटारा एकच असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं, "या दुसऱ्या पेटीत काय आहे?" समोर बसलेल्या एका बारक्या माणसाने, म्हणजे बाबलने, पेटीकडे न बघता माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे मान वळवून रस्त्याकडे बघितलं, आणि मग झटकन परत माझ्याकडे... आणि त्याचे डोळे असे काही बाहेर आले की माझा शिपाई दोन पावलं मागे सरला. "सायबानू, उघडून बघा," तो म्हणाला. "फकत बूट काढूक व्हये." टेम्पोतले राजे-राक्षस जागे होऊन हसायला लागले, शिपाई हसले, मागे ट्रकांची रांग भोंगे वाजवत होती. टेम्पो गेला. "उघडून बघा" असं जो आपणहून म्हणतो तो एक तर धुतल्या तांदळासारखा असतो किंवा अट्टल असतो. यातला हा कुठला, हे स्वतःलाच विचारत मी दिवसभर खुर्चीत बसून होतो.

त्या हंगामात आणि पुढच्या कितीतरी हंगामांत हेच झालं. दर वेळी मी तोच प्रश्न विचारी, दर वेळी तो तेच उत्तर देई, आणि पेटीकडे मात्र एकदाही बघत नसे. पहिला नियम. शेवटी मी ठरवलं की याच्या मुळाशी जायचं. त्याचं दुकान कुठे आहे ते काढून एका सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मालवणला गेलो, चालू घड्याळ मुद्दाम बंद पाडून त्याच्या दुकानात गेलो. त्याने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. उजव्या डोळ्याला भिंग लावून त्याने घड्याळ उघडलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघताना तो डोळा असा फुगवला की भिंग टपकन खाली पडलं. "सायबानू, ह्यां घड्याळ बंद पडूक नाय. ह्येका कोणीतरी मारल्यान." मी हसलो. इतका हसलो की ज्या कामाला आलो होतो ते राहूनच गेलं. घड्याळ दुरुस्त करून त्याने परत दिलं, पण ते चार-पाच मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणून पुन्हा जावं लागलं. मग परत. ते त्याने मुद्दाम मागे ठेवलं असावं असा मला तेव्हाही संशय होता. मी मात्र दुसऱ्या घड्याळजीकडे कधी गेलो नाही.

दुकानात त्याने एक जुना टीव्ही ठेवला होता आणि त्याच्यावर लहान मुलांची कार्टून लावलेली असत. गिऱ्हाइकांना वाटे घरातल्या पोरांसाठी. पोरं कोणी नसायची, बाबलच बघायचा, आणि तेही चेहरा वाकडा करून. एखाद्या मांजराचे डोळे स्प्रिंगवर बसवल्यासारखे हातभर पुढे आले की तो चिमटा खाली ठेवून म्हणायचा, "ह्यां माझां चोरल्यानी!" आणि मग मला समजावून सांगायचा की चोरताना त्यांनी निम्मंच चोरलंय. "डोळे पयलेच भायर काढले तर लोक घाबारतत, हसनत नाय. आधी एकदा बघूचा. काय नाय असां समजान मान फिरवची. मगे परत बघूचा... आणि तेव्हा सोडूचे." ही मान फिरवण्यातली गंमत त्याला कार्टूनवाल्यांपेक्षा जास्त कळत होती असं त्याचं ठाम मत होतं. मोबाइलवर मोठ्या डोळ्यांची पिवळी तोंडं यायला लागली तेव्हा तर त्याने ती बघून हातच जोडले. पण मला त्याच्या त्या नियमातून भलतंच काहीतरी दिसलं. ज्या माणसाला पहिल्याच नजरेत सगळं कळलेलं असतं, तोच असा थांबून दुसऱ्यांदा चकित होऊ शकतो. म्हणजे बाबलचे डोळे बाहेर येत तेव्हा त्याला आधीपासूनच सगळं माहीत असायचं. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सायबानू, तुमी रिटायर होवा आता."

झालोही. बायको त्यानंतर लवकरच आजारी पडली. कणकवलीच्या दवाखान्यात सुनंदा पडून असायची आणि भिंतीकडे तोंड करून पेज नाकारायची. बाबल दर रविवारी दुकान बंद ठेवून मालवणहून यायचा. मी बोलावलं नव्हतं. आला की पलंगाशेजारी उभा राहायचा, पेजेच्या वाटीकडे सहज बघायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि मग परत वाटीकडे वळून जे काही डोळे करायचा, की जणू वाटीत मगर होती. सुनंदा हसायची. एकदा तर हसताना पेज चादरीवर सांडली आणि नर्स ओरडली. तो गेल्यावर ती दोन-चार घास खायची. मला बरं वाटायचं, आणि तितकंच खटकायचंही, की हा माणूस एवढं कशासाठी करतोय. एका रविवारी त्याला सोडायला मी थोडा उशिरा बाहेर गेलो. जिन्याखाली तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचे डोळे लाल, बारीक, अगदी साधे होते. मला बघताच त्याने मान फिरवली, परत वळला, आणि डोळे बाहेर काढले. त्या दिवशी मला हसू आलं नाही. यातला खरा कुठला, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. सुनंदा गेली, तेव्हाही तो आला आणि नुसता माझ्याशेजारी बसून राहिला.

आमची शेवटची भेट गेल्या गणपतीनंतरची. तो फार वाळला होता. डोळ्याला भिंग लावून दुकानात बसायचा, पण घड्याळं आता कोणी आणत नव्हतं. का कोण जाणे, पण मी त्या दिवशी विचारूनच टाकलं. "बाबल, खरं सांग. त्या दुसऱ्या पेटीत काय असायचं रे?" त्याने माझ्याकडे बघितलं. बाहेर रिक्षा गेली, तिच्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे वळला, आणि या खेपेला डोळे काही पूर्वीसारखे बाहेर आले नाहीत, ताकदच नव्हती... पण भिंग मात्र पडलं. "अजून उघडूक नाय मां तुमी?" तो म्हणाला, आणि इतका वेळ हसत राहिला की त्याला खोकला आला. मी चिडून उठलो. चिडूनच बसस्टँडवर आलो. याचा मला आता फार त्रास होतो.

तेराव्यानंतर शालन वहिनींचा फोन आला की तुमच्यासाठी एक पेटी ठेवलेली आहे, घेऊन जा. गेलो. तीच पत्र्याची पेटी, वर लाल कापड. वहिनी, त्यांची सून आणि शेजारचा तो शिंपी असे सगळे माझ्याभोवती जमले. चपला दारात काढल्या होत्याच, तरी मी पायांकडे एकदा बघितलं. कडी सरकवली, झाकण उचललं, आणि आतून दोन मोठे पांढरे डोळे खाडकन माझ्या तोंडावर आले. करवंट्या होत्या त्या, चुन्याने रंगवलेल्या, मधोमध काळी बुबुळं, आणि मागे घड्याळांच्या जुन्या स्प्रिंगा. एक माझ्या चष्म्यावर आपटली. मी बोंब मारून मागे पडलो तो थेट शिंप्याच्या मांडीवर. आणि शालन वहिनी, ज्या तेरा दिवस कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "ह्यांच तोंड बघूचा होता त्येंका!" त्या म्हणाल्या. "जाताना स्प्रिंगा दाबून ठेयत, येताना परत दाबीत. आज सायब उघडतले, म्हणत. घराक इले की पयलां बोलणां... आजय नाय उघडल्यानी." मग हसता हसता त्या रडायला लागल्या. मीही रडलो, सगळ्यांसमोर, त्याची लाज वाटली नाही. पेटीकडे तो का बघत नव्हता ते मला तेव्हा कळलं. बघितलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं. इतके हंगाम तो माणूस माझ्यासाठी सापळा लावून टेम्पोत बसत होता, आणि मी खुर्चीतून त्याच्यावर संशय घेत होतो.

स्प्रिंगा दाबून, झाकण लावून, पेटी मांडीवर घेऊन मी कणकवलीच्या एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "आजोबानू, काय आसा पेटयेत?" मी त्याच्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "उघडून बघ." तो म्हणाला, "आसांदे," आणि पुढे गेला. मला वाईट वाटलं. बाबलला दर वेळी असंच वाटत असणार.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण घरी आल्यावर पेटी पलंगाच्या पायथ्याशी ठेवताना माझ्या हाताने सवयीने तिच्या तळाला टकटक केलं. आवाज पोकळ आला... मी खाली बसलो. पुन्हा वाजवलं. मग स्क्रू-ड्रायव्हर आणला. आतली फळी चार स्क्रूंनी बसवलेली होती. तीन गंजलेले होते आणि चौथा कोरा करकरीत. फळीखाली, लाल कापडात गुंडाळलेली, काजूच्या फेणीची एक बाटली होती. भरलेली, लाखेने बूच बंद केलेली, लेबल धुऊन काढलेलं. गंजलेल्या तीन स्क्रूंचं ऐकलं तर ती तेव्हापासून तिथे आहे, आणि करवंट्यांचे डोळे केवळ यासाठी होते की उघडणारा माणूस हसत सुटावा आणि खाली बघू नये. कोऱ्या चौथ्या स्क्रूचं ऐकलं तर आजारी पडल्यावर त्याने ती माझ्यासाठीच ठेवली, कारण हा माणूस तळ वाजवल्याशिवाय राहणार नाही हे त्याला पुरतं माहीत होतं. मी शालन वहिनींना फोन करून विचारलं. "तळ? कसलो तळ?" त्या म्हणाल्या. फोनवर त्यांचे डोळे दिसत नव्हते.

बाटली मी फोडलेली नाही. परत गुंडाळून, फळी बसवून, वर डोळे दाबून ठेवले आहेत. बाबलची मला फार आठवण येते, आणि त्याने मला फसवलं का हा प्रश्नही अजून तितकाच छळतो. दोन्ही एकदमच येतात. सकाळी उठल्यावर मी पेटीकडे एकदा बघतो, काही नाही असं समजून चहा ठेवायला वळतो, आणि दारात पोचलो की थांबून परत बघतो. तेव्हा माझे डोळे कसे होतात, ते बघायला घरात आता कोणी नाही.