लांब जाणारी

मामांचं शेत आमच्या बांधाला लागून आहे. तरुणपणी ते फौजेत होते, आणि अजूनही त्यांच्या खिशात काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्या असतात. चहा पिता पिता ते त्या बांधावर उभ्या करतात आणि सोयरीक जुळवायला बसल्यासारखं दोघींचं वर्णन सांगतात.

"ही आखूड, जाड, शिकारीची. हिची गोळी जनावरात शिरती अन् तिथंच फुलून बसती. ही लांबुडकी निशाणेबाजीची. हिची गोळी कागद फाडून पुढं जातच राहती."

मग एकेक ओठाला लावून फुंकतात. जाडी घुमते, लांबुडकी बारीक शीळ घालते. आवाज विरेपर्यंत मामांचे डोळे मिटलेले असतात. अशा वेळी त्यांच्याशी बोलू नये.

परवा सकाळी दाट धुक्यात माझ्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायीचा नर, शिरला. राखणीची परवान्याची रायफल मामांकडंच, म्हणून त्यांना बोलावून आणलं. त्यांनी नेम धरला आणि तसेच उभे राहिले. रोही निवांत खाऊन राहिला होता. मी चिडलोच.

"काहून थांबले मामा? हाणा की!"

"ही रायफल लांब जाणारीची हाय. अन् त्याच्या मागं बंजाऱ्यांचा तांडा हाय."

मला नुसतं धुकं दिसत होतं. मामांनी रायफल खाली केली, लांबुडकी पुंगळी काढून फुंकली. रोह्यानं मान वर केली आणि तो हळूहळू धुक्यात विरघळला.

थोड्या वेळानं पलीकडून, तांड्याच्या बाजूनं, कुण्या बाईनं ओऽऽ करून साद दिली.

"बघ," मामा म्हणाले, "तिथवर जाती."