फेण्यांची पिशवी

महाडच्या एका टूरवाल्याने माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी त्याचं त्याला परत केलं असतं आणि विसरलो असतो. पण फसली ती. गावात लोक उलटंच सांगतात, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत आमचं जेवणाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पण एका वेळी दोन बस जेवतात. नाते गावाहून चालत येऊन मी गडाच्या पायऱ्यांवर लिंबू सरबत विकायचो, तिथपासून इथवर आलो ते कोणाच्या मेहेरबानीवर नाही. पिठलं-भाकरी बायकोच्या हातची. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या सहली जेवू घालते आहे. स्वतः सहलीला गेली नव्हती.

हा टूरवाला शाळांच्या बस आमच्याकडेच आणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने परदेशातल्या सहली सुरू केल्या आणि व्हिएतनामचं पत्रक आमच्या गल्ल्यावर ठेवून गेला. त्यावर एका म्हातारीचा फोटो होता. पातेल्याच्या तोंडावर फडकं ताणलेलं, त्यावर तांदळाचं पातळ पीठ पसरून ती वाफेवर शिजवत होती. खाली छापलं होतं, गावातल्या घरी जेवण.

बायकोने पत्रक हातात घेतलं ते खाली ठेवीना. "फेण्याच हायत या," म्हणाली.

तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पीठ ताटलीवर पसरून वाफवायचं, अलगद सोलून उन्हात घालायचं, हे ती लहानपणापासून करते. दुसऱ्या देशातली बाई तेच फडक्यावर कसं करते, ते तिला पाहायचं होतं. ताजमहाल दाखवतो म्हटलं तेव्हा ती आली नव्हती. या म्हातारीसाठी तिने पासपोर्ट काढला. निघताना आपल्या फेण्यांची एक पिशवी भरून घेतली, म्हातारीला द्यायला.

आता माझा भाग. मी भाव केला. का करू नये? जन्मभर तेच केलं. तासभर बसून त्याला खाली आणला. तो कुरकुरत उठला, दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन आला आणि मी सही केली. जिंकल्याच्या गुर्मीत कागद वाचला नाही.

टूरवाला स्वतःच बसभर माणसं घेऊन बरोबर आला होता. हनोईला तळं पाहिलं. पुढे डोंगरांमधल्या नदीत होडीत बसवलं, तिथे बायका पायांनी वल्ही मारतात. ते पाहून बायको पोट धरून हसली. बाजारात मी कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून एका टोपीसाठी असा भांडलो की विकणारीने शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली. भाषा येत नव्हती, पण दोघांना कळत होतं. ती बाई सरळ होती.

जेवण मात्र रोज पंजाबी हॉटेलात. पनीर, जिरा राईस, पिवळी डाळ. शेजारच्या टेबलावर स्थानिक माणसं वाफाळलेल्या वाडग्यांत शेवया ओरपत होती आणि आम्ही व्हिएतनामला जाऊन पनीर चावत होतो. बायको रोज पिशवी पर्समध्ये घालून निघायची आणि रोज परत आणायची.

चौथ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बांबूच्या ताट्यांवर पांढऱ्या चकत्या वाळत घातलेल्या दिसल्या. शेतभर. बायको सीटवरून उठली. "गाडी थांबवा ओ. हितंच हाय तिचं घर."

टूरवाला पुढून म्हणाला, "काकी, ते आपल्या कार्यक्रमात नाय."

मी त्याला पत्रक दाखवलं. त्याने मला माझी सही दाखवली. नव्या कागदावर गावातल्या घराची ओळच नव्हती. काढलीस तर सांगितलं का नाहीस, मी विचारलं. आवाज चढला होता, हे कबूल.

तो शांतपणे म्हणाला, "काका, मी पोरांच्या ताटाचा भाव केला की तुम्ही त्यातलं ताक काढून घेता. तवा मला सांगता काय?"

सगळी बस हसली. बायको हसली नाही. तोवर चकत्या मागे पडल्या होत्या.

ते खरं आहे. गिऱ्हाईक फार घासाघीस करतं तेव्हा मी ताटातलं ताक काढून घेतो, आणि सांगत नाही. इकडे सगळेच करतात. पण ताकासाठी कोणी आयुष्यात पहिल्यांदा घर सोडून येत नाही. तिला काय पाहायचं आहे ते त्याला माहीत होतं. फेण्या कशा करतात ते तिने त्याला आमच्याच बाकावर बसवून, हातवारे करून सांगितलं होतं. हो हो काकी म्हणत तो तिच्या हातची भाकरी खात होता. तेव्हा सही होऊन गेली होती, ओळ कापलेली होती.

घरी आल्यावर मी त्याला शिव्या घालत होतो. बायको पिशवी फळीवर ठेवत एवढंच म्हणाली, "भाव केलात तवा काय गेलं, ते इचारलंत काय?"

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये पाटी आहे. या भावात ताक नाही, हे बसण्याआधी वाचता येतं. माझ्याकडचं उत्तर मी तिला दिलं.

त्याने दिलेलं नाही. महाडच्या स्टँडवर मला पाहिलं की तो रस्ता ओलांडतो. बस आता शेजारच्या शेडला लावतो. आणि यंदाच्या पत्रकावर पुन्हा तोच फोटो आहे, तीच म्हातारी, तेच फडकं.

फेण्या अजून फळीवर आहेत. ती त्या तळत नाही आणि मलाही तळू देत नाही. दमट होऊ नयेत म्हणून अधूनमधून उन्हात घालते आणि परत बांधते.

हे वाचत असशील तर टूरवाल्या, माझ्याशी बोलू नकोस, मला तुझं तोंड पाहायचं नाही. शेडच्या मागच्या दाराने ये, ती चुलीपुढे असते. पत्रक घेऊन ये. त्या म्हातारीच्या घरी तू आजवर कोणाला नेलंस, आणि हिला का नेलं नाहीस, ते तिच्यासमोर बसून सांग.