एक नेऊ की दोन्ही?

शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटावर धूळ साठते तसे ते आपोआप साठतात आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी फुंकर मारली की सगळे माझ्या तोंडावर येतात. मसुऱ्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात मी क्लार्क आहे. माझं टेबल स्टाफरूमच्या दारातच आहे, त्यामुळे आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक माणूस मला काहीतरी ऐकवल्याशिवाय पुढे सरकत नाही. बाकी वर्षांचे किस्से वेगळे. यंदाचे सगळे कुत्र्याच्या दोन पिल्लांचे!

दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तेव्हा ती मोडक्या बाकांच्या खोलीत सापडली. एक तांबडं, एक काळं. काळ्याचा एक पाय तेवढा पांढरा. त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली गेली, असं आमचा शिपाई बाबी म्हणाला.

माझी चूक एवढीच, की पहिल्या दिवशी मी त्यांना माझ्या डब्यातलं घावन घातलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून ती माझी पिल्लं.

"तुमच्या पिल्लांनी माझी चप्पल खाल्ली!"

"तुमच्या पिल्लांनी सातवीच्या वर्गात काय करून ठेवलंय, जरा येऊन बघा!"

मी म्हटलं, "माझी कशी? मी फक्त घावन दिलं."

बाबी म्हणाला, "सायबानू, आमच्या म्हातारेन माका पण तसाच सांभाळल्यान. आदी खावक दिल्यान, मगे सुटका झाली नाय."

*

आमचे हेडसर कागदाचे माणूस. तोंडी काही ऐकत नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. शनिवारपर्यंत या दोघांची व्यवस्था लावा. आणि हे असं कुणा एकावर टाकणं योग्य नाही, आपण समिती नेमू."

तीन जणांची समिती नेमली. कुत्र्याच्या पिल्लांवर समिती! सभा झाली, चहा झाला, माझ्याच पैशाची भजी झाली. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होतो. अर्ध्या तासाने ठराव मंजूर झाला आणि तो मलाच माझ्या अक्षरात लिहावा लागला: 'सदर पिल्लांबाबत क्लार्क यांनी योग्य तो निर्णय घ्यावा.'

*

पाटील मॅडम विज्ञान शिकवतात. घाटावरच्या, दोन वर्षांपूर्वी इकडे आल्या. त्यांनी मोबाईलवर वाचून मला गंभीरपणे सांगितलं, "एका वेळी दोन सख्खी भावंडं अजिबात नेऊ नका. मोठी झाली की आपापसात भयंकर भांडतात. सायंटिफिक आहे हे!"

बाबी ग्लास धूत होता. तो म्हणाला, "म्याडम, भाव भाव एकत्र वाढले की भांडतत, ह्या कळाक गूगल कित्याक होया? आमी तीन भाव. कणकवलेच्या कोर्टात येवा, दर तारखेक भेटतंव."

मॅडम हटल्या नाहीत. "शिवाय ती एकमेकांतच रमतात. मालकाकडे ढुंकून बघत नाहीत."

"आमच्या सायबाकडे तशा पण कोण बघता?" बाबी म्हणाला आणि ग्लास घेऊन गेला.

*

आता घरचं सांगतो. घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. पिल्लांची गोष्ट काढली तर तिने मान वर न करता सांगितलं, "कुत्रो नको."

का नको, ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे बंड्या होता. एका तिन्हीसांजेला बिबट्याने त्याला आमच्या पडवीतून उचलला. दिवा लावायच्या घाईत आईने दाराला कडी घातली होती आणि बंड्या आत आला असेल असं धरून चालली होती. तो आला नव्हता. त्यानंतर तिने त्याचं गोणपाट घडी करून माळ्यावर टाकलं आणि पुन्हा कधी त्याचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मला सुद्धा त्या पडवीत बसवत नाही, खरं सांगायचं तर.

म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही. दोन दिवसांनी जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "कसली आसत ती?"

मी वर्णन केलं. ती म्हणाली, "एक आण. दोगांका मी राखूक शकाची नाय. एकाचोच जीव राखूक जमाक नाय माका."

मी आमटी वाढून घेतली.

*

तर गुरुवारी सकाळी काळ्याला घरी सोडून मी शाळेत आलो. सुटलो, असं वाटलं. कसलं काय!

तांबड्याने बाकांच्या खोलीत जो सूर लावला, तो थांबेचना. नववीची इतिहासाची चाचणी चालू होती. पोरं एक ओळ लिहायची आणि एकदा खिडकीकडे बघायची. दोन मुली तर चक्क रडायला लागल्या. हेडसर दारात आले, "हे आधी बंद करा!"

मी म्हटलं, "कसं करू सर? नोटीस काढू?"

अकरा वाजता आईचा फोन. "ह्या पिल्लू रडता रे! दूध दिलंय, भात दिलंय, खळ्यात फिरवन आणलंय. दारातच बसान ऱवता."

"मग परत शाळेत नेऊ?"

"मी तसा सांगलंय?"

"मग दुसरं पण घेऊन येऊ?"

"मी तसा पण सांगूक नाय!" आणि फोन बंद.

यावर माणसाने काय करायचं? दुपारी मीच जाऊन काळ्याला परत आणलं. खोलीत सोडल्यावर दोघं एकमेकांच्या अंगावर पडून असे झोपले, की बाबीने झाडलोट केली तरी हलले नाहीत. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आईने पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "रडूचा थांबला?"

*

शुक्रवारी गेटवर पारूमावशी मासे घेऊन बसली होती. ती बांगड्यांचे पाच-पाचचे वाटे लावते. घरी आम्ही दोघं, पाच बांगडे कशाला? मी म्हटलं, "मावशी, तीनच दे."

"वाटो मोडून दिवचंय नाय."

"अगो पण पाच खाणार कोण?"

"सकाळपासून गिऱ्हायक नाय तरी मोडूक नाय, आता तुझ्यासाठी मोडू? उरलेले दोन माझ्याकडसून कोण घेतलो?"

मी मुकाट्याने पाच घेतले. तेवढ्यात दोन्ही पिल्लं वासाने धावत आली. माझी सगळी कर्मकथा तिला बाबीकडून आधीच कळलेली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आणि ह्यो वाटो कित्याक मोडतंस रे मेल्या?"

*

त्याच दुपारी एक चाकरमानी आले. मुंबईला असतात, गावात त्यांनी नवीन बंगला बांधलाय. पिल्लांना उलटसुलट करून बघत म्हणाले, "तांबडा बरा दिसता. घर राखूक होया. परवा सकाळी मुंबईक निघतंय, त्याच्या आदी नेऊन बांधतंय."

मी विचारलं, "तुम्ही इथे किती दिवस असता?"

"गणपतीक आणि मे म्हयन्यात."

"आणि बाकीचे दहा महिने त्याला कोण बघणार?"

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "बंगल्याक तोच बघतलो मा! म्हणान तर नेतंय."

*

शनिवार उजाडला. शाळा दुपारी सुटणार, रविवारी सकाळी चाकरमानी येणार, सोमवारी तपासणी. आईने मला चहा देताना जाहीर केलं, "देवाक इचारूया. कौल लावूया."

आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुत्र्यासाठी कौल मात्र गुरवानेही कधी लावला नव्हता. दुपारी देवळात गेलो तर बाबी हजर, बाबीच्या मागे पाटील मॅडम हजर, पायरीवर चार म्हातारे हजर. सगळ्या गावाला माहीत!

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा पायाशी इली आसत. घरात कुत्र्याचा एक पिल्लू आणूचा म्हणतत. बरा आसात तर उजवी दी!"

"व्हय म्हाराजा!" म्हातारे एका सुरात.

पाटील मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "पण हे सायंटिफिक नाही हो."

बाबी म्हणाला, "तुमच्या गूगलान तरी खंय उजवी दिल्यान?"

तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण मी आधी आईकडे बघितलं. ती जोडलेले हात न सोडता गुरवाला म्हणाली, "तू चुकीचा इचारलंस. एक नको म्हणता तो. दोन म्हणान इचार."

गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या, दोन म्हणून विचारलं. म्हाताऱ्यांनी "व्हय म्हाराजा!" केलं. काही पडेना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. एक म्हातारा बसल्या जागी डुलक्या घ्यायला लागला. पाकळ्या जागच्या जागी.

आईने विचारलं, "नको म्हणूक नाय मा तो?"

"नाय," गुरव म्हणाला, "पण व्हय पण म्हणूक नाय."

"मगे तो माझ्यावर सोडता," असं म्हणून तिने नमस्कार केला आणि वळून मला म्हणाली, "बघतंस काय? जा, घेऊन ये. काळोख पडाच्या आदी."

बाबीने टोपली दिली. स्कूटरवर पुढे टोपली, टोपलीत दोन्ही पिल्लं, अशी वरात घेऊन मी तिन्हीसांजेला घरी पोचलो. आई दिवा लावत होती. मी टोपली घेऊन माजघरात गेलो. तिच्या खाटेखाली बंड्याचं गोणपाट अंथरलेलं होतं. धुतलेलं आणि खडखडीत वाळलेलं. म्हणजे ते सकाळीच दोरीवर पडलेलं असणार, देवळात जायच्या कितीतरी आधी. गोणपाटाशेजारी दोन करवंट्या मांडल्या होत्या, दोन्हीत दूध.

मी पिल्लांना खाली सोडलं आणि ती दुधावर तुटून पडली.

बाहेरच्या दारापाशी आई कडीवर हात ठेवून उभी होती. कडी घालत नव्हती.

"दोगाय भितर आसत मा?"

"आसत गो."

ती तशीच उभी.

"परत बघ."