पत्रिकेएवढी फट

नव्या दाराच्या आनंदात आज मी सकाळपासून तीनदा चहा प्यालोय! मागच्या अंगणाकडचं आमचं जुनं लोखंडी दार मीच हट्टानं घट्ट बसवून घेतलं होतं, उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू शिरायला नको म्हणून. चंद्रपूरच्या मे महिन्यात ते असं फुगलं, की कुरडया वाळत घालायला गेलेली बायको भर दुपारी अंगणातच अडकली.

तेव्हापासून तिला काचेचंच दार हवं होतं. "पुन्हा अडकले, तर निदान तुम्हाला दिसेन तरी!" दुकानाबाहेर उन्हात ठेवलेले नमुने तिनं तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसे पालथ्या हातानं पाहिले आणि सगळ्यात कमी तापलेली दुहेरी काच निवडली.

आता मिस्त्री ते दार बसवतोय.

"काकू, एखादी जुनी लग्नपत्रिका द्या नं. तिच्या जाडीएवढी फट तं सोडाच लागते. दार मे मधी फुगते, डिसेंबरात आखडते."

मी बघतच राहिलो. घट्टपणालाच मी आजवर मजबुती समजत होतो. तापणाऱ्या, गारठणाऱ्या माणसांशीही तसाच वागत आलो, घरातल्यांशी तर जास्तच.

बायकोनं पत्रिका आणली. मिस्त्रीनं ती फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली. दार अलगद मिटलं आणि मी चक्क टाळी वाजवली.

पत्रिका हातात घेतली, तर आमचीच!

"बत्तीस वर्षांनी कामाला आली," बायको म्हणाली. बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि काचेपलीकडून मला हात हलवला.

मी चौथा चहा ठेवला. या वेळी दोघांचा.