मधमाशीला तीट

मंडळी, आज दुपारी नानाखेड्यात आमच्या घरी कॉलनीतली मुलं जमली होती. स्वयंपाकघरातली फॉइल संपली की आत पुठ्ठ्याची नळी उरते ना, तशा बऱ्याच नळ्या मी जमवून ठेवल्या होत्या. त्यांचे किडे करायचे होते. पंख जुन्या लग्नपत्रिकांचे, मिशा झाडूच्या काड्यांच्या.

पहिलीतल्या परीची मधमाशी मात्र बिघडली. एक पंख वर, एक खाली आणि डोळे भलतीकडेच. शेजारचा आरव म्हणाला, "इसका तो एक्सीडेंट हो गया." सगळी हसली. परीनं मधमाशी फ्रॉकच्या घेरात लपवली.

मी गोंद उचलला. म्हटलं, "आण इकडे, सरळ करून देते."

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. तिनं मधमाशी हातात घेऊन नीट पाहिली. मग आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि मधमाशीच्या गालावर तीट लावली. "इतनी प्यारी बनाई है, नज़र लग जाएगी."

जरा वेळानं आरवनं आपलं व्यवस्थित फुलपाखरू पुढे केलं. "आंटी, मेरी वाली को भी." मग तिथे रांगच लागली.

मी पुन्हा गोंद घेऊन परीकडे वळले, तर तिनं मधमाशी मागे घेतली. "राहू द्या काकू. तीट पुसेल."

तुमच्या वाकड्या पंखांना तीट लावणारं कोण होतं हो?